उघडा दिवा

"मोबाइल," बागूल म्हणाले आणि त्यांनी पत्र्याचा डबा माझ्यापुढे धरला.

डबा बिस्किटांचा होता. झाकणावर कुठल्यातरी थंड देशातलं बर्फाने माखलेलं घर, आत चार-पाच फोन पालथे पडलेले. मी पर्सचा बंद घट्ट धरून उभी राहिले.

"बंद करून टाकायचा?"

"बंद करा, चालू ठेवा, तुमची मर्जी. पण डाव चालू असताना डबा उघडला की डाव गेला. मागं एक जण बाथरूमला म्हणून गेला आणि मित्राला फोटो पाठवून विचारत बसला, कुठलं पान टाकू. तेव्हापासून हा डबा."

"माझी मुलगी लहान आहे."

"घरी कोण आहे?"

"सासूबाई."

"मग झालं की," बागूल म्हणाले आणि त्यांनी डबा किंचित हलवला. आतले फोन खुळखुळले.

मी आवाज पूर्ण वाढवला आणि फोन सगळ्यांच्या वर ठेवला, उताणा.

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ एका स्टेशनरीच्या दुकानावर, जिना चढून गेलं की ही खोली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, चार टेबलं, टेबलांवर हिरवं कापड. रविवारची दुपार. आठ खेळाडू. सात जणांच्या डेकवर नवी कोरी आवरणं, आणि माझा डेक चपलांच्या खोक्यातून आणलेला, पानांचे कोपरे मऊ पडलेले. हे खोकं माळ्यावर होतं. लग्नानंतर दोन घरं बदलली तेव्हा दोन्ही वेळा मंदारने विचारलं होतं, "हे रद्दीत द्यायचं का?" आणि मी दोन्ही वेळा नुसतं "नको" म्हणाले होते. उघडून मात्र पाहिलं नव्हतं.

खेळाचं नाव दीपगड. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, फार नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात एक गड आणि गडावर एक दिवा. समोरच्याचा दिवा विझवायचा. उभी मांडलेली पानं आपल्या दिव्याची राखण करतात. एखादं पान हल्ल्याला पाठवायचं तर ते आडवं करायचं, आणि आडवं पान राखण करत नाही. राखण असलेला दिवा विझवायला तीन पानं आत शिरावी लागतात, राखणीला कुणीच नसलं तर एकच पुरतं. एवढं कळलं की खेळ कळला. बाकी सगळी वर्षं हे आडवं कधी करायचं ते कळण्यात जातात.

सांगलीला इंजिनिअरिंगला होते तेव्हा कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानात या पानांची बंद पाकिटं यायची. आत काय निघेल ते दैवावर. आम्ही नाश्ता बुडवून पाकिटं घ्यायचो. मुलांच्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात खेळणारी मी एकटी मुलगी, आणि माझ्या खेळाला नाव पडलं होतं, "शिंत्रे म्हणजे सगळं आडवं." मी राखणीला काही ठेवायचीच नाही. सगळी पानं बाहेर काढायची, जे होईल ते होईल. बहुतेक वेळा मी जिंकायची.

मग खेळ छापणारे बंद पडले, आम्ही पांगलो, आणि मी ऋजुता कुलथे झाले.

रेवा अडीच वर्षांची असताना एका संध्याकाळी तिला ताप चढला आणि आकडी आली. मी ऑफिसात होते. सासूबाईंचा फोन आला आणि तुटला. पुन्हा आला, तुटला. हात थरथरत होते त्यांचे, बटण नीट दाबलं जात नव्हतं. मी फोन लावेपर्यंत त्यांचा तिसरा आला होता, आणि त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता, मागून नुसता भांड्याचा आवाज. डॉक्टर म्हणाले, तापात होतं काही मुलांना, मोठी झाली की थांबतं. नाकात मारायचा एक फवारा दिला, तो कसा मारायचा ते आम्हाला तिघांनाही शिकवलं. आणि मला वेगळं बोलावून म्हणाले, "आई, तुम्ही जरा झोपत जा."

मी नोकरी सोडली. रेवाला त्यानंतर पुन्हा आकडी आली नाही. पण मी तिच्यापासून एका खोलीपेक्षा जास्त लांब गेले नाही. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की काढायची. थोड्या वेळाने पुन्हा.

ती चार वर्षांची झाली. आणि त्या आठवड्यात, कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर हर्षल देवरेने टाकलं: दीपगडची नवी आवृत्ती आली आहे, नाशिकमध्ये रविवारी स्पर्धा, जुनी पानं चालतील. असे निरोप येत असत, मी वाचून पुढे जात असे. या वेळी मी लिहिलं, "मी येते." का, ते मी कुणालाच सांगितलं नाही. मंदारला नाही, सासूबाईंना तर नाहीच.

"पत्ते खेळायला जातेस?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"तसले पत्ते नाहीत आई."

"कसले का असेनात. जा. किती वाजता येशील?"

"संपलं की. मध्येच नाही येणार." हे मी त्यांना सांगितलं की स्वतःला, कोण जाणे. "मंदार शिफ्टला आहे, पण दहा मिनिटांत येऊ शकतो. खालच्या सिस्टर घरी आहेत, मी बोलून ठेवलंय. फवारा फ्रिजवर, डाव्या बाजूला."

"ठाऊक आहे."

"ताप बघाल ना?"

"ऋजुता, तुझा नवरा काय झाडावरून पडला होता का? मीच वाढवलाय."

शेवटी आमचं ठरलं. रेवा झोपून उठली, दूध प्यायली, की सासूबाई एक मिस्ड कॉल देतील. दोनदा वाजवून बंद. म्हणजे सगळं ठीक. काही झालं तर सलग वाजवत राहायचं, मी डाव टाकून निघेन.

"आणि वाजलाच नाही तर?" मी विचारलं.

"तर दूध उतू गेलं असं समज," सासूबाई म्हणाल्या.

पहिला डाव गार्गी नावाच्या कॉलेजातल्या मुलीशी होता. नाकात चमकी, नखं काळी रंगवलेली. तिने माझी पानं पाहिली आणि शेजारच्याला कोपराने ढोसलं. "ए बघ, पहिल्या छपाईचा पहारेकरी."

मी तोच पहारेकरी उचलला, हल्ल्याला पाठवला आणि सवयीने लगेच उभा केला. आमच्या वेळी त्याची हीच खुबी होती. बाहेर जाऊन त्याच फेरीत परत राखणीला यायचा. दोन्हीकडे तोच. म्हणून तर मी सगळं आडवं करू शकत होते.

"काकू, आडवा ठेवा तो."

"हा पहारेकरी आहे. परत येतो."

"आता नाही येत. आता बाहेर गेला की पुढच्या फेरीपर्यंत बाहेरच."

मी पान तिच्यापुढे धरलं. "वाच ना, लिहिलंय."

"पानावर आहे, पण नियम बदललेत. सर?"

बागूल काउंटरवरूनच म्हणाले, "पानं जुनी चालतात, नियम नवे. पहारेकरी आडवा."

मी पान आडवं केलं. जी गोष्ट मला इतकी पाठ होती की मी कधी तपासलीच नव्हती, ती आता तशी राहिली नव्हती. गार्गीने त्याच फेरीत माझ्या दिव्यावर चाल केली. नशिबाने मागे एक साधा भालदार उभा होता, त्याने ती निभावली. नाहीतर मी पाच वाजायच्या आत घरी असते, आणि कुणी काही म्हटलं नसतं. त्याचीच मला भीती होती. कुणी काही म्हटलं नसतं.

त्यानंतर मी एकही पान बाहेर पाठवलं नाही. सगळी उभी, दिव्याभोवती. गार्गी चाल करत राहिली, मी परतवत राहिले. तिची पानं एकेक करून खर्ची पडली. डाव संपायला आला तेव्हा तिच्याकडे राखणीला कुणी नव्हतं, आणि मी एका भालदाराला पाठवून तिचा दिवा विझवला.

"काकू, तुम्ही फार भयानक खेळता," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हणजे चांगलं."

पानं गोळा करत असताना डब्यात फोन वाजला. दोनदा. बंद झाला. दूध प्यायली.

दुसऱ्या डावात एक बँकेतले गृहस्थ होते. मी तशीच बसले. ते उसासे टाकायला लागले. "मॅडम, आज काही हालचाल करायचा विचार आहे की नाही?" मी म्हटलं, "तुमची झाली की करते." ते वैतागले, सगळं घेऊन आले आणि हरले.

आणि शेवटच्या डावाला समोर हर्षल.

केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं, पण पानं पिसायची पद्धत तीच, एका हाताने.

"शिंत्रे," तो म्हणाला.

"कुलथे आहे आता."

"असशील. समोर बसलीस की शिंत्रे." त्याने पानं वाटून घेतली. "दोन्ही डाव बघितले तुझे. कधीपासून दारात बसायला लागलीस तू?"

"नियम बदललेत."

"नियम बदलले म्हणून माणूस बदलतं का?"

"बदलतं."

तो हसला नाही. त्याने पान टाकलं.

हर्षलला कंटाळा येत नसे. तोही बसून राहिला. मी राखत होते, तो साठवत होता. त्याच्या हातातली पानं वाढत होती, आणि मला दिसत होतं की आणखी काही फेऱ्या गेल्या की तो एकदम उठेल आणि माझे पहारेकरी, भालदार, कुणीच पुरणार नाही. नुसतं बसून आता जमणार नव्हतं. माझ्याकडे पाच पानं उभी होती. त्याच्या दिव्यापाशी दोन. पाचही पाठवली तर तीन आत शिरणार, आणि दिवा विझायला तीन पुरत होती. पण पाचही आडवी केली की माझ्या दिव्यापाशी कुणीच राहणार नव्हतं. त्याच्या हातात वावटळीचं पान असलं तर माझं एक पान बाजूला पडणार, दोनच आत शिरणार, आणि मग तो सरळ चालत येणार.

मी हिशेब पुन्हा केला. तोच निघाला. चार पाठवून एक मागे ठेवावं असं मनात आलं. चारात त्याचा दिवा विझत नव्हता. दोन्ही जमवण्याची वाटच नव्हती.

तेवढ्यात डब्यात फोन वाजला. दोनदा. बंद.

मी हात टेबलावर ठेवला. दूध पिऊन झालं होतं. सगळं ठीकचा कॉल येऊन गेला होता. मग हा कशाला?

पुन्हा वाजला. दोनदा. बंद.

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बागूलांनी डब्यावर हात ठेवला. "मॅडम, घ्यायचा तर घ्या. पण मग डाव..."

"ठाऊक आहे."

पुन्हा. दोनदा. बंद.

माझे पाय खुर्चीतून उठायला निघाले होते, हे मी खोटं नाही सांगत. त्या संध्याकाळीही असाच वाजून तुटला होता. गार्गी माझ्या मागे येऊन उभी होती, ती हळूच म्हणाली, "काकू, जा ना. डावाचं काय."

मी डोळे मिटले आणि ऐकलं. दीड वर्ष मी दुसरं काय केलं होतं? रात्रंदिवस ऐकत तर होते. श्वास, खोकला, कूस बदलल्याचा आवाज. पुन्हा वाजला. दोनदा, बरोबर दोनदा. मध्ये तेवढाच खंड. त्या संध्याकाळी तो एकदा अर्धाच वाजला होता, एकदा लांबला होता, एकदा लगेच पुन्हा. घाबरलेला हात असा मोजून वाजवत नाही. आणि सासूबाईंना मी सांगितलं होतं, काही झालं तर सलग. फवारा त्यांना ठाऊक होता, सिस्टर खाली होत्या, मंदार दहा मिनिटांवर होता.

मी डोळे उघडले.

"राहू दे डबा," मी बागूलांना म्हणाले.

मग मी पहारेकरी आडवा केला. दुसरा आडवा केला. भालदार आडवे केले, तिन्ही. माझा दिवा हिरव्या कापडावर एकटा उरला.

हर्षलने बराच वेळ पानांकडे पाहिलं. "सगळं आडवं?" तो म्हणाला.

"सगळं आडवं."

"शिंत्रे," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज चिडवण्याचा नव्हता. त्याने हातातलं एक पान काढून मध्ये ठेवलं. वावटळ.

माझं एक पान बाजूला पडलं, दोन त्याच्या राखणदारांनी अडवली. दोन आत शिरली. एकाने कमी. मग त्याची पाळी आली. त्याने एक पान आडवं केलं, माझ्या उघड्या दिव्यावर बोट टेकवलं, आणि नियमाप्रमाणे मी माझा दिवा स्वतःच्या हाताने पालथा घातला.

दिवा विझला. वर पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायला किक मारत होतं, तिसऱ्या किकला ती लागली. मी खुर्चीत बसलेली होते. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात परत आहे," हर्षल पानं गोळा करत म्हणाला. "येशील?"

"ती वावटळीची पानं किती आहेत तुझ्याकडे?"

"एकच."

"मग येते," मी म्हणाले.

डबा उघडून फोन घेतला आणि जिन्यात येऊन लावला.

"अगं काही नाही," सासूबाईंनी उचलल्या उचलल्या सांगितलं. "ही तुझी पोरगी. दूध प्यायली, मी तुला एक मिस्ड कॉल दिला. हिने विचारलं, हे काय? म्हटलं, आईला कळवलं, आपण ठीक आहोत. तेव्हापासून ऐकेचना. मला वाजवू दे म्हणे. एकदा सांगून आईला पटत नाही, तिला परत परत सांगावं लागतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हटलं, मग दोनच वाजव आणि बंद कर. तर मोजून दोन, मोजून दोन. पाच-सहा वेळा केलं असेल. तुला त्रास नाही ना झाला?"

"नाही."

"जिंकलीस?"

"हरले."

"बरं. भाजी घेऊन ये येताना. मेथी."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. इथे ते सांगायला हवं, जे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात, हर्षलचा निरोप आला त्याच्या आदल्या दुपारी, मी कपडे वाळत घालून आत आले तर रेवा जमिनीवर बसली होती. पुढ्यात तिची चिंगी, कापडी बाहुली, उशीवर निजवलेली. रेवाने तिच्या नाकाखाली बोट धरलं होतं. मला वाटलं खेळतेय. पण ती चिंगीशी बोलत नव्हती, तिला भरवत नव्हती. ती नुसती बघत होती. बोट काढायची, थोडी थांबायची, पुन्हा धरायची. चित्रांची वही बाजूला तशीच पडलेली, खडू उघडे. मी हाक मारली तर म्हणाली, "श्श. तिचा श्वास बघतेय." आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी रोज आरशात बघत होते.

चार वर्षांची होती ती. खेळायचं विसरली होती. माझ्याकडे बघून शिकली होती.

म्हणून मी "मी येते" असं लिहिलं होतं. आई खेळते हे तिला दिसलं पाहिजे होतं. आई जाते, हरते आणि मेथी घेऊन परत येते.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळचं ऊन बाल्कनीतून आत आलेलं होतं. रेवा दारातच होती, तोंडाला दुधाची मिशी सुकलेली.

"मी वाजवलं होतं. ऐकलंस?"

"ऐकलं. प्रत्येक वेळी."

"मग तुला कळलं?"

"कळलं."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, खरं सांगतेय का ते बघितलं. मग समाधान झाल्यासारखी मान हलवून चपलांच्या खोक्याकडे वळली. "यात काय आहे? मला दाखव. हा कोण? याच्या हातात भाला का आहे? याला मी आडवं करू?"

"कर."

तिने पहारेकऱ्याला आडवं केलं, मग दुसऱ्याला, मग सगळ्यांनाच, आणि फरशीभर पानं पसरून मध्येच सोडून स्वयंपाकघरात पळाली, कारण सासूबाईंनी मेथी निवडायला घेतली होती आणि तिला देठं तोडायची होती.

आज रेवा माझ्याहून उंच झाली आहे. तापात अजूनही मी दोनदा कपाळाला हात लावते, एकदा नाही. पण त्या संध्याकाळचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं ते सांगते. मी पानं गोळा करायला खाली वाकले तेव्हा सोफ्याखाली चिंगी दिसली. पालथी पडली होती, नाक फरशीला टेकलेलं, एक पाय वर, अंगावर काही नाही. केव्हापासून तिथे होती कोण जाणे. आत रेवा आजीला काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या.

मी हात लांब केला. तिला सरळ करून उशीवर ठेवणार होते.

मग हात मागे घेतला, आणि राहिलेली पानं गोळा केली.